हनुवटीजवळ दिवा

आमच्या आजोबांचं मला पहिलं दर्शन झालं ते त्यांच्या पायांचं. बाकीचे आजोबा इंजिनाच्या पोटात होते आणि तिथूनच ते गावच्या महापौरांना हाकलत होते. महापौर बिचारे चकचकीत बूट घालून, फोटोग्राफर बरोबर घेऊन, इंजिनाच्या शेडमध्ये शुभेच्छा द्यायला आले होते. "काय हवंय ते चिठ्ठीवर लिहा आणि खिळ्याला लावा!" असा आतून आवाज आला, तोही इतका मोठा की मी दचकून मागे सरलो. "अहो, मी ब्युर्गरमाइस्टर आहे," महापौर म्हणाले. आतून उत्तर आलं, "खिळा दाराजवळ आहे!" आणि त्या भल्या माणसानं निमूटपणे खिशातून पेन काढलं. मी आ वासून बघत राहिलो. पुण्यात नगरसेवकाच्या भाच्यालाही कोणी असं बोलणार नाही.

आजोबा हे आमच्या घरातलं नाव. फेराइनमध्ये, म्हणजे ही जुनी आगगाडी सांभाळणाऱ्या हौशी लोकांच्या संस्थेत, सगळे एकमेकांना सरळ पहिल्या नावानं हाक मारतात. पंचविशीतली पोरगी सत्तरीतल्या माणसाला खुशाल नावानं बोलावते. मला ते काही केल्या जमलं नाही. पंच्याहत्तरीचा माणूस, हातात हातोडा, भुवया खराट्यासारख्या, आणि त्यांना मी नावानं हाक मारू? जीभच वळेना. मग मी त्यांना काहीच हाक मारायचो नाही, नुसता समोर जाऊन उभा राहायचो आणि घरी आल्यावर बायकोला सांगायचो, आज आजोबांनी असं केलं, आजोबांनी तसं केलं. मोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही हे आईवडिलांनी अंगात मुरवलेलं असतं ना, ते फ्रँकफर्टच्या विमानतळावर कोणी काढून घेत नाही. या माझ्या शहाणपणापायी आगगाडीभर माणसं मरता मरता वाचली. तेच सांगायला बसलोय.

मी र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. इंजिनिअर म्हणजे काय, तर आठवडाभर गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या स्क्रीनवर उघडतो आणि मिटतो. मेकॅनिकलची डिग्री घेऊन वीस वर्षं झाली, हाताला ग्रीस म्हणून लागलं नाही. गाडीनं तासाभरावर एका दरीत जुनी बंद पडलेली ब्रांच लाइन आहे, ती काही लोकांनी वाचवली, एक काळंकुट्ट वाफेचं इंजिन आणि चार डबे जमवले आणि ते दर रविवारी गाडी चालवतात असं कळल्यावर मी धावत जाऊन नाव नोंदवलं. पहिले सहा महिने मला आजोबांनी इंजिनाची काजळी खरवडायला लावली. दर शनिवारी मी भुतासारखा काळा होऊन घरी यायचो. "घरातलं बाथरूम घासलंस कधी?" बायको विचारायची. प्रश्न रास्त होता, त्यामुळे मी उत्तर द्यायचो नाही.

आजोबा डगल्याच्या आत टाय बांधायचे. रोज तोच, चॉकलेटी. शेडमध्ये आले की "मॉर्गन", म्हणजे सुप्रभात, म्हणायचे ते इंजिनाला, माणसांना नाही. फडक्यांचे तीन डबे होते, पितळेचं फडकं लोखंडाला लावलेलं दिसलं की ते हातातून हिसकावून घेत. फोन वाजला तर बघायचेसुद्धा नाहीत. जेवणाच्या खोलीत त्यांची खुर्ची भिंतीला टेकलेली, सगळ्यांची तोंडं दिसतील अशी, आणि तिथे दुसरा कोणी बसला की काही न बोलता त्याच्यासमोर उभे राहायचे. काहीही विचारायचं तर चिठ्ठीवर लिहून खिळ्याला लावायचं. मोठमोठ्यानं बोलायचे. कोणी विनोद केला तर सगळ्यांच्या नंतर हसायचे. आणि कोणतंही काम झाल्यावर एकच शब्द, "निक्स." म्हणजे काही नाही, त्यात काय एवढं. नवीन माणसाला बाकीचे पहिल्या दिवशीच सांगून ठेवायचे, म्हातारा चक्रम आहे पण बॉयलरमधला देव आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही.

तसा प्रेमळही होता हो माणूस. ही मंडळी दुपारी भट्टीच्या फावड्यावर अंडी आणि बेकन तळायची. मी शाकाहारी, कोपऱ्यात डबा उघडून पोळीभाजी खायचो. चौथ्या का पाचव्या शनिवारी आलो तर माझ्यासमोर एक कोरं फावडं, दांड्याला हिरवा रंग. "यावर मांस कधी लागलेलं नाही. तुझं तू काय ते भाज," आजोबा ओरडून म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पुढच्या आठवड्यात बायकोकडून थालीपिठाचं पीठ भिजवून नेलं आणि त्या फावड्यावर पहिलं थालीपीठ लावलं. खाली जळलं, वर कच्चं राहिलं. आजोबांनी अख्खं खाल्लं आणि म्हणाले, "निक्स."

आता थोडं बॉयलरचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. वाफेच्या इंजिनात आगीची एक लोखंडी खोली असते आणि तिच्या भोवती बॉयलरचं बाहेरचं कवच. दोन्हींच्या मधे उकळतं पाणी. आतल्या वाफेच्या दाबानं या दोन भिंती एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून शेकडो बोल्टांनी त्या शिवलेल्या असतात. एक बोल्ट तुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर येतो. शेजारी तुटला की त्याच्या शेजाऱ्यावर. असे चार-पाच लगतचे गेले की एक दिवस पत्रा फाटतो आणि उकळतं पाणी, वाफ, आग, सगळं एकदम बाहेर येतं. इंजिनवरचे दोघं तर जागच्या जागी संपतात. मागच्या डब्याचं काय होतं ते मी डोळ्यांसमोर आणत नाही.

बोल्ट तुटलाय की नाही हे बाहेरून दिसत नाही. ते ऐकावं लागतं. इंजिन थंड करून आगीच्या खोलीत शिरायचं, छोटा हातोडा घ्यायचा आणि एकेक बोल्ट ठोकायचा. धड असला तर टण्ण वाजतो, तुटलेला असला तर थड. बाजारात माठ घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघतात ना, अगदी तसंच. हे काम आमच्याकडे एकटे आजोबा करायचे, चाळीस वर्षं. ते भट्टीतून बाहेर येऊन "गुट", म्हणजे ठीक, म्हणाले की गाडी निघायची आणि खडूची एक फुली जरी मारली तरी गाडी रद्द. वर कोणी अवाक्षर काढत नसे.

दुसऱ्या वर्षी त्यांनी मला मदतीला आत घेतलं. केवढा मान! दोघं गुडघ्याला गुडघे लावून त्या काळ्या पेटीत बसलो. मी हातात दिवा धरलेला. टण्ण, टण्ण, टण्ण. मधेच एक बोल्ट मला वेगळा वाटला आणि मी "अं?" म्हणालो. झालं! आजोबांनी हातोडा थांबवला. "तुला विचारलं?" म्हणाले. मग तोच बोल्ट पाच वेळा ठोकला, टण्ण, टण्ण, आणि पाचही वेळा तो स्वच्छ वाजला. मी शरमेनं अर्धा झालो. त्या दिवशी मी मनाशी पक्कं ठरवलं की यापुढे तोंड बंद आणि चेहरा दगड. चाळीस वर्षं ठोकणाऱ्या माणसाला मी बिजागरीवाला काय शिकवणार?

पुढच्या वर्षी त्यांनी एक नवीन तऱ्हा काढली. "दिवा असा नको. वर धर. हनुवटीजवळ." मी म्हटलं, "मग बोल्टवर उजेड कसा पडणार?" "हनुवटीजवळ!" दोन तास स्वतःच्याच तोंडावर दिवा धरून बसलो, डोळे दिपले, घाम डोळ्यांत गेला. दर वेळी ठोकलं की आजोबा माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, मी झोपतोय की काय हे बघतात. मग मी आणखी ताठ बसायचो, आणखी दगड व्हायचो.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात ते आलं. थड.

मला लख्ख ऐकू आलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मी पापणीही हलवली नाही. "गुट," ते म्हणाले आणि पुढे सरकले. त्याच्या शेजारचाही थड. पुन्हा माझ्याकडे बघणं, पुन्हा "गुट." मला वाटलं, त्या कोपऱ्यात आवाज तसाच येत असेल, काहीतरी कारण असेल, त्यांना कळतंय ना. मोठा माणूस आहे. मागच्या वेळी तोंड उघडून काय झालं ते आठवत होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. "अरे, मग बोलला का नाहीस?"

"अगं, चाळीस वर्षं करतोय तो माणूस."

"तुला ऐकू आलं ना? मग सांग की जाऊन! फार तर ओरडतील."

"बघू," मी म्हणालो. मी चिठ्ठीसुद्धा लिहिली होती. शनिवारी नेली, खिळ्याजवळ उभा राहिलो आणि खिशात घालून परत आणली. दर शनिवारी हेच. लाज वाटते सांगायला, पण खोटं कशाला बोलू?

डिसेंबरात नीकोलाउसची गाडी असते. लाल झग्यातला नीकोलाउस डब्याडब्यातून फिरून पोरांना संत्री आणि चॉकलेटं वाटतो. चारही डबे पोरांनी भरलेले. माझी सात वर्षांची मुलगी पहिल्या डब्यात बसली, अगदी पुढे, कारण इंजिन तिथून दिसतं. मी म्हणालो, "बाळा, मागे बस ना." "वारूम?" तिनं विचारलं. का? मी काय सांगणार होतो? म्हणालो, "काही नाही, बस." ती पुढेच बसली आणि मी सबंध वाटभर तिच्या शेजारी उभा राहून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. गाडी सुखरूप जाऊन परत आली. आई माझ्या ठिकाणी असती तर तिनं नवस बोलला असता. मी नुसतं स्वतःला सांगितलं, बघ, आजोबांना कळतं.

मार्चमध्ये बॉयलरची अधिकृत तपासणी झाली. परीक्षक म्हणून एक बाई आल्या होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. शिडशिडीत, शांत. त्या आत शिरल्या, आम्ही सगळे बाहेर उभे. आतून टण्ण, टण्ण ऐकू येत होतं. मग थड. मग थड. मग थड. थड. आणि मग काहीच नाही. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या पायरीवर बसल्या, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"हे इंजिन शेवटचं कधी पेटवलं?" त्यांनी विचारलं.

"नीकोलाउसला, त्यानंतर हिवाळ्यात बंदच," आमचे अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त शाळामास्तर, आवाज नेहमीच मऊ.

"डबे किती होते?"

"चार. भरलेले."

"चार बोल्ट लगत तुटलेत," बाई म्हणाल्या. "तिथला पत्रा फुगायला लागलाय. हे इंजिन धावलं कसं तेच मला कळत नाही."

पहिला डबा, पुढची खिडकी, लेकीची लाल टोपी. सगळे आजोबांकडे बघत होते, पण आजोबा कोणाकडेच बघत नव्हते. ते सरळ माझ्याकडे चालत आले.

"तुला ऐकू आलं होतं?" पहिल्यांदाच ते हळू बोलत होते.

"हो," मी म्हणालो.

"ऑक्टोबरात?"

"हो. दोन."

"मग तुझा चेहरा का नाही हलला? मी दर वेळी बघत होतो. दर वेळी!" त्यांनी आपल्या कानावर बोट ठेवलं. "मला बरीच वर्षं कमी ऐकू येत होतं, दोन वर्षं झाली काहीच येत नाही. ओठ बघून कळतं, हातोड्याचं काही कळत नाही. म्हणून तुला आत नेलं. तुझे कान चांगले आहेत, पहिल्यांदा 'अं?' म्हणालास तेव्हा चुकलास, पण तू ऐकत होतास. मी तुझ्या तोंडाकडे बघून ठोकत होतो."

चिठ्ठ्या, भिंतीची खुर्ची, न उचललेला फोन, उशिरा येणारं हसू, मोठा आवाज. आणि हनुवटीजवळचा दिवा! एवढी वर्षं आम्ही ज्याला चक्रमपणा म्हणून हसत होतो तो नुसता बहिरेपणा होता. आणि बॉयलरचा शेवटचा शब्द त्या माणसाचा नव्हताच, माझा होता. तोंड बंद ठेवून, चेहरा दगड करून, दर शनिवारी "गुट" मीच म्हणत होतो.

मग मला राग आला. भयंकर राग. "सांगायचंत ना!" मी ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर. "माझी पोर होती त्या गाडीत!"

"सांगितलं असतं तर हातोडा काढून घेतला असता," ते म्हणाले. "मग मी इथे कशाला यायचं?"

मीही चिठ्ठी खिशात घेऊन फिरलोच होतो.

महिन्याभरानं सभासदांची सभा झाली. गावातल्या उपाहारगृहाची मागची खोली, समोर बिअर, टेबलावर कार्यक्रमपत्रिका. जर्मन माणूस प्रलय आला तरी विषयपत्रिकेच्या क्रमानं बुडेल. आजोबा उठले, टायची गाठ नीट केली आणि सगळं सांगितलं. मी बहिरा आहे, लपवलं, नोंदवहीतल्या दोन वर्षांच्या सह्या खोट्या समजा, चूक माझी एकट्याची. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. अध्यक्षांनी प्रोटोकॉल, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहिणाऱ्या बाईंकडे मान हलवली आणि मऊ आवाजात विचारलं, यापुढे ठोकण्याचं काम कोणी करायचं?

आजोबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा. याला ऐकू येतं."

सगळी खोली वळून माझ्याकडे बघायला लागली. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. आता गप्प बसलो तर मेलेलं बरं, असं वाटून मी उठलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगून टाकलं. मला ऑक्टोबरात ऐकू आलं होतं. मी बोललो नाही. यांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, माझी पायरी नाही म्हणून बोललो नाही. ज्यांची पोरं त्या गाडीत होती त्यांची मी माफी मागतो, माझीही होती. टाळी वाजवणाऱ्यानं हात खाली घेतले. समोरची एक बाई, तिचे दोन्ही नातू त्या गाडीत होते, उठून बाहेर निघून गेली. तिचं काय चुकलं?

"हे प्रोटोकॉलमध्ये घ्यायचं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"घ्यायचं," आजोबा गरजले. "आणि हेही घ्या. यापुढे आत दोघं जातील आणि दोघंही दर बोल्टला मोठ्यानं बोलतील. आधी दिवेवाला, मग ठोकणारा. ठोकेल हाच. दिवा मी धरेन. आणि कानांत यंत्रं बसवतो, आणखी काय!" विरोधात मतं पडली, बरीच पडली, पण बाजूनं दोन जास्त पडली. माझा मात्र त्या निकालावर विश्वास बसत नव्हता.

इंजिन सबंध वर्षभर उघडं पडलं होतं. डाव्या कोपऱ्यातला पत्रा कापून नवा जोडला, नवे बोल्ट घातले, उजवीकडचे जुने तसेच राहिले. आजोबांची यंत्रं पहिले काही महिने सारखी शिट्ट्या मारायची. त्यांना जेवणाच्या खोलीतल्या फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला आणि त्यांनी त्याच्यावर इतकी आदळआपट केली की शेवटी फ्रिज बाहेर ठेवावा लागला.

मग या मे महिन्यात पेंटेकॉस्टच्या सणाची पहिली गाडी ठरली. रविवारी. पोस्टर लागली, तिकिटं संपली, गावच्या बँडनं येतो म्हणून कळवलं. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं आत शिरलो. मी ठोकायचो, आजोबा म्हणायचे "गुट," मग मी म्हणायचो "गुट." डावी बाजू झाली, मागची झाली. उजवीकडे तिसऱ्या ओळीत मी ठोकलं.

"गुट," आजोबा म्हणाले.

मी काहीच बोललो नाही. पुन्हा ठोकलं. थड. त्यांच्या कानातलं यंत्र बारीक आवाजात कुईकुई करत होतं.

"गुट!" ते पुन्हा म्हणाले, जोरात.

"अहो, झालं का?" बाहेरून अध्यक्षांचा आवाज आला. "सगळं ठीक ना?"

तोच माणूस, त्याच भुवया, तेच माझ्याकडे बघणं. अख्खा गाव रविवारची वाट बघत होता आणि ज्यांनी मला हे काम शिकवलं ते म्हणत होते की बोल्ट चांगला आहे.

"नाही," मी म्हणालो. आवाज नीट फुटला नाही म्हणून परत म्हणालो, "नाही. चुकताय तुम्ही. हा तुटलाय."

आजोबांनी माझ्या हातातून हातोडा घेतला. स्वतः ठोकलं, कान पत्र्याला लावला, पुन्हा ठोकलं. मग हातोडा मला परत दिला, डगल्यातून खडू काढला आणि त्या बोल्टावर भलीमोठी फुली मारली.

"ठीक आहे ना?" बाहेरून पुन्हा विचारलं. आजोबांनी खडू डगल्यात परत ठेवला. सांगायचं मलाच होतं.

"नाही!" मी ओरडलो. "एक तुटलाय. रविवारी गाडी नाही!"

बाहेर कोणीतरी शिवी हासडली, कोणीतरी दार आपटलं.

"वायटर," आजोबा म्हणाले. "पुढचा ठोक."

मी पुढचा ठोकला.